वरचा कापूस

ग्रेडरमामांनी आयुष्यात कधी वरची वस्तू उचलली नाही. बाजारात वांगी घ्यायची तर भाजीवाली ओरडत असतानाही टोपलीच्या तळाशी हात खुपसायचे. पेढ्यांचा डबा पुढे केला की बोटं थेट खालच्या थरात जायची. माझ्या शाळेच्या दप्तरात तर त्यांचा हात कोपरापर्यंत शिरायचा आणि गणिताचा पेपर, अर्धी चघळलेली चिंच आणि मी लपवलेली मोडकी पट्टी असं सगळं एकदम बाहेर यायचं. "वरचा कापूस सगळ्याईचाच चांगला असते," एवढं म्हणून ते पट्टी माझ्या हातात द्यायचे. रागवायचे नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कापसाच्या सरकारी खरेदीत ग्रेडर म्हणून लागले, ग्रेडर म्हणूनच निवृत्त झाले, आणि पांढरकवड्यात त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत राहिलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं आईनं एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "मले पाहाले वेळ लागते. तितका वेळ पोरीचा बाप देईन काय?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

हिवाळ्यात सुट्टी लागली की ते मला यार्डात न्यायचे. कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेलेली असायची. मामा चाकावर पाय देऊन वर चढायचे, वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे ढुंकूनही न बघता गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे आणि मूठभर कापूस ओढून काढायचे. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ताणून पाहायचे. शेवटी एक सरकी दाताखाली जायची. कट् आवाज आला की कापूस कोरडा, नुसतीच दबली की ओला. गाडीवाला एका कानाशी "साहेब, पहिला ग्रेड लिहा" म्हणायचा, दुसऱ्या कानाशी आणखी कुणी आणखी काही सांगायचं. मामा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि चिठ्ठीवर सही करताना कुणाकडेच पाहायचे नाहीत. "सांगणारे शंभर असतात," मला एकदा म्हणाले, "सही एकाचीच असते."

ही सवय यार्डापुरती राहिली असती तर माझं भलं झालं असतं. मला पाहायला एक स्थळ आलं होतं. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसला, बोलला छान, पोहे सांडले नाहीत. आई तर मनातून मांडवात जाऊन पोचली होती. तेवढ्यात मामा त्याला म्हणाले, "जरा नाक्यावरून पान घेऊन येता काय?" सगळे चपापले. मुलगा बिचारा गेला, आणि मामा दारात उभं राहून त्याला जाताना आणि येताना पाहत राहिले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "रस्त्यात कुत्रं झोपलं होतं. बाजूनं जागा होती, तरी लाथ मारून उठवलं. बसलेला माणूस पाहून काय समजते? चालवून पाहा लागते." ते स्थळ मोडलं. मी पुढे लग्नच केलं नाही यात मामांचा दोष नाही, पण समोर कुणी फार छान बसलं की माझी नजर त्याच्या पायांकडे जाते, हा दोष मात्र सर्वस्वी त्यांचा.

बाबा गेल्यावर आई वणीच्या घरात एकटी राहिली. मी पुण्याला एका विमा कंपनीत. "तुह्या त्या डब्यासारख्या घरात मी कायले येऊ?" असं म्हणून तिनं माझं बोलणं दर वेळी तोडून टाकलं. वणी कोळशाचं गाव. ट्रक जातात-येतात आणि घरातल्या सगळ्या वस्तूंवर काळा थर चढतो. आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं खिडकीची चौकट पुसायची. दुपारपर्यंत ती पुन्हा काळी व्हायची आणि दुसऱ्या सकाळी आई पुन्हा पुसायची. "कोळशाची अन् माही पैज लागली हाये," म्हणायची.

दर रविवारी पहिल्या बसनं मामा तिच्याकडे जायचे. सहा तास बसायचे. त्या सहा तासांत दोघं भावंडं मिळून वीसेक वाक्यं बोलत असतील. मामा पेपर वाचायचे, आई तुरी निवडायची, मध्ये चहा व्हायचा, मग झुणका-भाकर. माझ्या अंगात पुण्याची घाई. एका रविवारी मी तिथे होते आणि तासाभरात इतकी वैतागले की म्हणाले, "अहो, एवढ्या लांबून आलात, काहीतरी बोला तरी एकमेकांशी!" आईनं सुपातून मान वर केली. "बोलूनच तं राह्यलो," ती म्हणाली. मामांनी पेपरचं पान उलटलं. जरा वेळानं पेपरामागून आवाज आला, "शकू, गुळाचा डबा खालच्या फळीवर आला काय व?" आई म्हणाली, "हो." "मंग खांदा दाखव." तिचा उजवा हात महिनाभर वर जात नव्हता. मला रोज फोनवर बोलूनही ठाऊक नव्हतं, आणि मामांना डबा उघडल्याच्या आवाजावरून कळलं होतं.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीला वणीच्या स्टँडवर बसमधून उतरताना मामांचा पाय घसरला आणि गुडघा गेला. प्लास्टर निघालं, काठी आली. मी पुण्याहून हुकूम सोडला: बसनं जायचं नाही. आणि दिवाळीला येताना दोघांसाठी दोन मोठे फोन घेऊन आले. असल्या बाबतीत माझा उत्साह जरा जास्तच असतो. दोघांना व्हिडिओ लावायला शिकवलं, हिरवं कुठलं, लाल कुठलं ते घोटून घेतलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "आता रविवारची वाट कशाला पाहायची? रोज भेटा."

पहिले पंधरा दिवस आईनं फक्त भावाचा कान पाहिला. फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू, ही मामांची समजूत मोडायला मला फार कष्ट पडले. "भाऊ, कानातले केस कापून घे बाप्पा," असं आई म्हणाली तेव्हा मामा दचकून म्हणाले, "तुले कसे दिसले?" पुढे ते फोन हातभर लांब धरून, यार्डात नमुना पाहायचे तशा बारीक डोळ्यांनी आईकडे पाहायला लागले. मग नवीनच अडचण आली. चेहरा दिसला की त्यांचा अंगठा आपोआप काचेवर जायचा, आणि फोन कट. पुन्हा लावायचा, पुन्हा कट. "हात लावला की माणूस निघून जाते," ते मला म्हणाले. "हे कोणतं पाहणं झालं?"

दुसरी अडचण गप्प बसण्याची. घरात सहा तास न बोलता बसणारी ही दोन माणसं फोनवर अर्धं मिनिट गप्प राहिली की घाबरायची. "आवाज येऊन राह्यला काय?" "येऊन राह्यला." "मंग बोल." "तूच बोल." मग भाजी काय केली, थंडी किती आहे, असं कुणीही कुणालाही सांगावं तसलं बोलणं व्हायचं. मी मात्र खूश. बघा, वीस वाक्यांवरून पन्नासावर आलात, असं मी त्यांना चिडवायची. मामा म्हणाले, "घरी चूप बसलो तं भेट होते. इथं चूप बसलो तं फोन बिघडला म्हणते."

त्याच हिवाळ्यात बोंडअळी आली. मामा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी आसपासच्या गावांतली माणसं पिशवीत बोंडं घेऊन त्यांच्या ओट्यावर यायची. बोंडं बाहेरून हिरवीगार, टणक, हेवा वाटावा अशी. मामा अंगठ्यानं फोडायचे आणि आत गुलाबी अळी आणि कापसाच्या जागी काळपट लगदा. काही जण शेतातूनच व्हिडिओ लावायचे, "काका, पाहून सांगा, हाये का नाही?" मामा पाहायचेच नाहीत. "फोडून आण," म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे. मी त्या दिवसांत सुट्टी घेऊन दोन दिवस पांढरकवड्याला गेले होते; वणीला जायचं राहून गेलं. केळापूरकडच्या एका शेतकऱ्यानं टोपलीभर बोंडं आणली होती. मामांनी एकूणएक फोडली. दोन चांगली निघाली. ती दोन त्यांनी वेगळी काढून त्या माणसाच्या हातात ठेवली आणि त्याच्याशेजारी ओट्यावर बसून राहिले.

मी पुण्याला परतल्यावर आठवड्यानं मामांचा फोन आला. साधा फोन, व्हिडिओ नाही.

"शकू बरी हाये ना व?"

"मामा, आज सकाळीच बोलले मी तिच्याशी. छान दिसत होती."

"छान दिसते म्हणूनच विचारून राह्यलो. तीन हप्ते झाले, एकाच खुर्चीवर बसून बोलते. आधी फोन घेऊन घरभर फिरे. अन् मागची खिडकी पाह्यली काय? चौकट काळी हाये."

मी हसले. खरंच हसले. "कोळशाचं गाव आहे मामा, काळीच असणार."

"शकूची नसते," मामा म्हणाले. "मी उद्या जाऊन पाहून येतो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी थांबणाऱ्यातली नाही. महिनाअखेर होती, मला स्वतःला हलता येत नव्हतं. मामा काठी टेकत बसमध्ये चढले, पुन्हा पडले, तर त्यांना आणायला कोण जाणार, हे माझ्या डोक्यात पहिलं आलं. आई बरी असणं मला सोयीचं होतं, आणि ती बरी दिसतही होती. मी म्हणाले, "तुमच्या गुडघ्याचं काय? आपण असं करू, रविवारी तिघं एकत्र व्हिडिओवर येऊ. तुम्हीच नीट पाहा, तुम्हीच विचारा. मग ठरवा." मामा बराच वेळ बोलले नाहीत. मी, "आवाज येतोय ना?" विचारलं. "येऊन राह्यला," ते म्हणाले.

त्या रात्री जेवणाआधी मी आईला फोन केला आणि गंमत म्हणून सगळं सांगितलं. तुझे भाऊ खिडकीची चौकट तपासतात म्हणून. आईही हसली.

रविवारी आई जांभळी साडी नेसून बसली होती. पावडर लावलेली, केसात शेवंतीचं फूल. मागच्या खिडकीला पडदा लावलेला.

"पडदा काहून लावला व?" मामांनी विचारलं.

"ऊन येते."

"पाय कसे हायेत?"

"पायाले काय झालं? मी ठणठणीत हाये, भाऊ. तू कायले येतं? तुहा गुडघा सांभाळ."

"बघा मामा," मी मध्येच म्हणाले, "किती छान दिसतेय आई!" मामा फोन हातभर लांब धरून पाहत राहिले. त्यांचा अंगठा वर आला, काचेजवळ आला, आणि या वेळी त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. फोन कट होऊ नये म्हणून. "बरं," ते म्हणाले.

अकराव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. आई खुर्चीतच गेली होती. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. महिन्यापेक्षा जास्त दिवस तिचे पाय सुजलेले होते, खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं, आणि काकू दोन वेळचा डबा आणून देत होत्या. तिनं त्यांना शपथ घातली होती. पोरगी नोकरी टाकून धावत येईल आणि भाऊ दुसरा गुडघा मोडून घेईल, हे तिचं कारण. सुजलेले पाय व्हिडिओत येत नाहीत. आम्ही तिघंही त्या दोन महिन्यांत एकमेकांना रोज गळ्यापासून वर भेटत होतो.

मी वणीला पोचले तेव्हा मामा आधीच आलेले होते. माणसं ओसरीत बसलेली, आणि मामा आतल्या खोलीत एकटेच, काठी भिंतीला टेकवून, ओल्या फडक्यानं खिडकीची चौकट पुसत होते. पडदा काढून घडी करून खुर्चीवर ठेवला होता. चौकटीच्या कोपऱ्यांत बोट घालून घालून पुसत होते. मी दारात उभी. "ये," एवढंच म्हणाले. पुढचे तेरा दिवस मी वाट पाहिली, की आता बोलतील, आता म्हणतील, तू अडवलं नसतं तर. ते शब्द ऐकले असते तर मला रडता तरी आलं असतं. मामा एका शब्दानं बोलले नाहीत.

पुण्याला परत आले. घरात एक पुस्तकांचं कपाट आहे, त्याच्या समोर फोन ठेवला की मागचं चित्र नीटनेटकं दिसतं. तिथे बसून, बरा कुर्ता घालून मी मामांना दर दोन दिवसांनी सांगायची, "मी बरी आहे." मामांनी पुन्हा फोन कानाला लावायला सुरुवात केली होती. मला वाटलं, त्यांना माझं तोंड पाहायचं नाही. मला ते योग्यच वाटलं. त्यांच्या त्या कानाशी मी ऑफिसातल्या गमतीजमती बोलायची, आणि फोन ठेवून तिथेच बसून राहायची. कधी कधी अंधार पडेपर्यंत.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात मामा. काठी, कापडी पिशवी, चुरगळलेलं धोतर. आयुष्यात पहिल्यांदा ते पुण्याला आले होते. वर्ध्यापर्यंत बसनं आणि पुढे रेल्वेनं, तो गुडघा घेऊन.

"मामा! अहो, फोन तरी करायचा!"

"फोन केला असता तं तू घर आवरलं असतं," ते म्हणाले. "तुले पाहाले आलो."

चहा घेतला. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला आणि पुढचे दोन डबे बाजूला सारून आत कोपरापर्यंत हात घातला. मी नको नको म्हणेपर्यंत एकेक वस्तू ओट्यावर यायला लागली. फाटलेल्या दुधाच्या तीन पिशव्या. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, जिचं काळं पाणी झालं होतं. ऑफिसचा डबा, बुरशी आलेला, झाकण न उघडलेला. मामांनी सगळं ओळीनं मांडलं आणि गॅसच्या शेगडीवर बोट फिरवून पाहिलं. "पंधरा दिवस झाले, इथं काही शिजलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझी मोडकी पट्टी हातात देताना जसा आवाज असायचा, तसाच होता. मी फ्रीजच्या उघड्या दारापाशी उभी राहून रडले. आई गेल्यावर पहिल्यांदा.

मामांनी फ्रीज बंद केला आणि माझं मनगट धरलं. त्यांचा अंगठा माझ्या मनगटावरून हळूहळू फिरत होता, धागा पाहावा तसा.

"मामा, तुम्ही निघाला होता. मी अडवलं तुम्हाला," मी म्हणाले. "चौकटीचं पण तिला मीच सांगितलं. म्हणून तिनं पडदा लावला."

ते कितीतरी वेळ बोलले नाहीत. मीही "आवाज येतोय ना" असं विचारलं नाही.

"आयुष्यात एकच गाडी म्या वरून पाहून पास केली," मग ते म्हणाले.

"पण ती माझ्यामुळे—"

"सांगणारे शंभर असतात व. सही माही हाये."

मला त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण माफी मागायलाच त्यांनी जागा ठेवली नाही. माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि खाली स्वतःचं नाव लिहून टाकलं. ते मी लिहू द्यायला हवं होतं का, या प्रश्नानं मला अजूनही एका जागी बसवत नाही. ऑफिसात व्हिडिओवर बैठका होतात, आठ-दहा चेहरे चौकोनांत हसत असतात, आणि मी प्रत्येकाच्या मागची खिडकी पाहत बसते. एकदा एका मुलीला बैठक संपल्यावर उगाच फोन करून विचारलं, बरी आहेस ना गं? तिला वाटलं, कामात काही चुकलं.

फोनला मी दोष देत नाही. चौकट काळी आहे हे फोननंच दाखवलं होतं, आणि ज्याला पाहता येत होतं त्यानं ते पाहिलंही होतं. समोरासमोर बसलो असतो तर मी हसून ते उडवू शकले नसते, एवढंच. समोर असतो तर आई चहा करायला उठली असती, आणि मामांनी पेपरामागून तिची पावलं ऐकली असती.

मामा दोन दिवस राहिले. पिठलं त्यांनीच केलं, मी भात लावला. उरलेला वेळ ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मला इकडून तिकडे जाताना पाहत होते. रविवारी मी तुरीची डाळ निवडायला घेतली, जिला निवडायची काही गरज नव्हती. दिवसभरात दोघांची मिळून नऊ वाक्यं झाली असतील. मी वैतागले नाही.

सोमवारी स्टेशनवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसलेले मामा एकदम उठले, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाह्य." आणि प्लॅटफॉर्मवरून चहाच्या टपरीकडे चालायला लागले. जाताना एकदा थांबले, खांबाला हात लावला. उजवा पाय ओढत होते. परत येताना दोनदा थांबले, दुसऱ्यांदा तर छातीवर हात ठेवून उभे राहिले, लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी धावले नाही. त्यांनी धावायला सांगितलं नव्हतं, पाहायला सांगितलं होतं. माझ्यासमोर येऊन श्वास जुळवत म्हणाले, "फोनात माणूस चालत नाही. आता सांग, कोणता ग्रेड?"

माझ्या तोंडावर "पहिला" आलं होतं. मी ते गिळलं. "दुसरा," मी म्हणाले. "दुसऱ्यातलाही खालचा."

मामा असे हसले की शेजारची बाई वळून पाहायला लागली. "पहिला म्हणली असतीस," ते म्हणाले, "तं तुले माही भाची म्हणलो नसतो."

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मी महिन्यातून एकदा पांढरकवड्याला जायची, न कळवता. व्हिडिओ लावणं दोघांनीही बंद केलं नाही, पण त्यात आता फक्त मामांचा कान दिसायचा आणि त्यावर आम्ही निवांत गप्प बसायचो. दर वेळी गेले की मामा ओट्यावरून रस्त्यापर्यंत चालून दाखवायचे आणि मी ग्रेड द्यायची. तो खाली खाली येत गेला, आणि मी तसाच देत गेले.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा ते ओट्यावर नव्हते. खाटेवर होते, गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली, केस विंचरलेले, दाढी केलेली. मला पाहून तोंडभर हसले आणि म्हणाले, "मी ठणठणीत हाये. तू कायले आली?" अगदी आईचे शब्द, आईच्याच सुरात. मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि गोधडीत कोपरापर्यंत हात घातला. पाय गार होते. घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला.

मामा माझ्याकडे पाहत होते.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"सूज आहे, मामा."

"मंग?"

हमरस्त्यावरून ट्रक जात होते आणि त्यांच्या खिडकीच्या चौकटीवर बोटभर धूळ बसली होती. मी परतीचं तिकीट रद्द केलं आणि फडकं ओलं करायला उठले.